टायरवरचे चार आकडे

हे लिहिणारच नव्हतो, कारण यात गाढव आम्हीच ठरतो.

माझा दोस्त रणधीर याच्या वडिलांची, आबांची, बहात्तर सालची दांडग्या इंजिनाची अमेरिकन मसल कार रविवारी 'सगळं ओरिजिनल' गटात स्पर्धेला जाणार होती. "टायरसुद्धा गाडीसंगंच कारखान्यातनं आलेले हायत," आबा खुर्चीतून सांगत होते. मी व्हिडिओ बघून झालेला तज्ज्ञ, म्हणून गाडीखाली मी. टायर बनल्याची तारीख त्याच्या आतल्या बाजूला असते. बाहेर मिरवायला पांढरी अक्षरं.

"चार आकडे आहेत," मी कुजबुजलो.

"मग बरंय की!" रणधीर वाकून म्हणाला.

"काय बरंय, लेका? दोन हजार सालाआधी तीनच असायचे. हे ३२१४. दोन हजार चौदाचा बत्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्ट."

रणधीरने गाडीखाली डोकं घालून आकडे स्वतः वाचले. त्याच वर्षी जूनमध्ये आम्ही ही गाडी चोरून पन्हाळ्याला नेली होती, गुळगुळीत टायरवर घसरून कठड्याला टेकलो होतो, आणि कुणाला पत्ता लागला नाही म्हणून दहा वर्षं हुशार होतो. म्हणजे आबांनी एक शब्द न बोलता तसलेच नवे टायर मागवले होते. दिवाळीत त्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली, तेव्हा "जुन्या गाडीला नव्याची पूजा" म्हणत खिदळलोही आम्हीच.

"काय निघालं रे?" आबांनी विचारलं.

"बहात्तरच, आबा!" रणधीर ओरडला. मग हळूच मला म्हणाला, "फॉर्म साध्या गटात भर, तिथं टायरची तारीख बघत नाहीत. बक्षीस गेलं खड्ड्यात. पण आपल्याला कळलंय, हे त्यांना कळता कामा नये."

"नाही कळणार," मी गाडीखालूनच शब्द दिला.