पहिला ग्राहक

गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्टार्टअपच्या आराखड्यात सुलभा गुंजाळनं 'पहिला ग्राहक' असा मथळा टाकला, तोच दारात तिचा जुना साहेब मोहोळकर उभा.

"नोकरी गेली, मॅडम. नियमाप्रमाणं कंपनीनं तिथलं सगळं डोक्यातून पुसलं. तुम्ही पुसलेलं परत आणता म्हणे?"

मेल्यानं तिला ओळखलंच नाही. तिची त्याच कंपनीतली आठ वर्षं यानंच पुसायला लावली होती. शुद्धीवर येताना ऐकलेलं त्याचं खदाखदा हसणं तेवढं तिच्याकडं उरलं होतं.

"बसा की साहेब. नमुन्याची एक आठवण फुकट."

तिचं डोकं पुसलं तोच दिवस तिनं निवडून त्याला परत दिला.

मोहोळकर ताडकन उठला. "सुलभा, तू? अगं, बाकीचं तरी दे!"

"बाकीचं तुम्हाला विकायचं नाही," म्हणत तिनं मथळ्याखाली त्याचं नाव लिहिलं आणि खदाखदा हसली.