काकूंचा नेम

"हिला ऐकू येत नाही, आणि हे मला आज कळतंय?" साहेबांनी हातातल्या कागदावरून मान वर केली. "उद्या आग लागली, कुणी हाक मारली, तर ही काय करणार?"

 काकूंच्या शेजारी त्यांची मदतनीस धाकली कांदे चिरत होती. तिचा हात थांबला होता. साहेबांच्या ओठांवरून तिला सगळं कळत होतं.

"दोन वर्षं माझ्या हाताखाली आहे, साहेब. एक दिवस काही बिघडलं नाही."

"बिघडायची वाट बघू म्हणता?"

कारखान्याच्या कँटीनमध्ये दोनशे माणसं जेवत. साहेब नवे होते. विम्याच्या कागदावर त्यांचा एकच रकाना भरायचा राहिला होता: स्वयंपाकघरातले सगळे धडधाकट आहेत का?

"आणि सकाळचं ते काय नाटक असतं? वॉचमन सांगत होता. आधी ही आत जाते, खिडक्या उघडते, मान डोलावते, मग तुम्ही पाऊल टाकता."

वाढपी खुदकन हसला. "काकूंचा नेम आहे तो. दुधाचं पातेलंसुद्धा आधी धाकलीपुढे. ती नको म्हणाली, की सगळं मोरीत."

"पायगुण चांगला आहे तिचा," काकू खाली बघत म्हणाल्या.

"नेम देवाचा असावा, काकू. माणसाचा कसला?"

खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य जिभेच्या टोकावर आलंही. पण घरी अंथरुणाला खिळलेले यजमान होते, आणि दोन वर्षांपूर्वी काकू स्वतः तापानं पडल्या तेव्हाचे उपाशी दिवस अजून अंगावर काटा आणत होते. त्यांनी वाक्य गिळलं.

संध्याकाळी धाकलीनं एप्रनची घडी घातली. काकूंचे दोन्ही हात घट्ट धरले. मग एकूणएक खिडकी उघडली आणि जाता जाता काड्यापेटी उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.

"रागावली बिचारी," वाढपी म्हणाला.



साहेबांनी खिडक्या धडाधड लावून घेतल्या. "धूळ येते नुसती. तुम्ही जा घरी, माझा चहा मी करून घेतो. सुटलो एकदाचे. आता इथं एकही अपंग माणूस नाही."

रात्रभर काकूंचा डोळा लागला नाही. सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्यांचे पाय अडखळले. आत जाऊन मान डोलावणारं कुणी नव्हतं. नवी मुलगी यायची होती आणि घड्याळ पुढे पळत होतं. त्या आत शिरल्या. खिडक्या मागाहून उघडू.

साहेबांच्या चहाचं पातेलं शेगडीवर तसंच होतं. चहा उतू जाऊन बर्नरवर सुकला होता. काड्यापेटी फळीवरून खाली आलेली होती.

"पुरुषांचं काम," काकू पुटपुटल्या. पातेलं मोरीत ठेवलं, पाण्याचं मोठं भांडं चढवलं. डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि काडी हातात घेतली.

मागे दार उघडलं. साहेब होते. पहिल्याच पावलाला थबकले आणि त्यांचा रुमाल नाकाकडे गेला.

"काकू, अहो, सगळा गॅस भरलाय इथं. तुम्हाला वास येत नाही?"

काडी पेटीवर घासली गेली होती.