आवाज कधी जातो

आवाज गेला. चित्र होतं तसंच होतं. पडद्यावरची सासू हात नाचवून सुनेला काहीतरी सुनावत होती, पण खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरली.

"बघा! गेला की नाही?" ऋजुता म्हणाली. तक्रार करावी आणि नेमका माणूस दारात आला की वस्तूने शहाण्यासारखं वागावं, हा अपमान तिने याआधी दोनदा गिळला होता.

डिशवाला साईनाथ तिसऱ्यांदा आला होता. पहिल्या खेपेला त्याने गच्चीवरची छत्री हलवली, दुसऱ्या खेपेला वायर बदलली. आज सिग्नल ब्याऐंशी टक्के होता. कोपरच्या त्या अख्ख्या इमारतीत एवढा कोणाचा नसेल.

"बुधवारच्या आत व्हायला हवं हं दादा. बुधवारी मी आणि माझे मिस्टर, नील, सासऱ्यांना बदलापूरला ठेवतोय, वृद्धाश्रमात. टीव्ही मोठ्याने चालू असला की अप्पा शांत पडून असतात. म्हणून तिकडच्या बाईच म्हणाल्या, टीव्ही आणि बॉक्स बरोबरच आणा."

हे ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून बोलत होती. पलंगावर अप्पा होते. मार्चमध्ये झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'त्यांना फारसं कळत नसावं,' असं डॉक्टर म्हणाले होते. ऋजुताने त्यातला 'फारसं' गाळून नातेवाइकांना कळवलं होतं. डावा हात मात्र दिवसभर चादर चाचपायचा. त्याच कंपनीचा नवा बॉक्स आल्यावर जुन्याचा रिमोट उरला, तो तिने सेल काढून त्या हातात दिला, तान्ह्या पोराला देतात तसा. हात शांत झाला.

"ताई, बीपीचं मशीन बंद हाय," अप्पांचं करणारी हौसाबाई कोपऱ्यातून म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"परत? सेल घातलेले ना मी? या खोलीत एक वस्तू धड चालेल तर शपथ."

साईनाथने बॉक्सचा मेनू उघडला आणि तो जरा थबकला. "मॅडम, आवाज दुसऱ्या भाषेवर गेलाय. या चॅनलला दुसरी भाषाच नाही, म्हणून सगळं गप्प." त्याने भाषा बदलली. सासूबाई कडाडल्या. "पण बटण दाबल्याशिवाय हे होत नाही. आणि रिमोट तर माझ्या हातात आहे."

ऋजुताने वही आणली.

तक्रार नोंदवणारी मुलगी फोनवर म्हणाली होती, आवाज कधी जातो ते लिहून ठेवा. ऋजुता बँकेत ऑडिटला होती; तिला लिहून ठेवा सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. तिने वार, वेळ, चॅनल असे रकाने आखले. मिक्सर किंवा वॉशिंग मशीनमुळे होत असेल, असा संशय होता, म्हणून चौथा रकाना स्वतःच्या डोक्याने वाढवला: 'घरात तेव्हा काय चालू होतं.'

साईनाथ वाचू लागला. "सोमवार, चार दहा. वृद्धाश्रमाच्या बाई आलेल्या. मंगळवार, साडेअकरा. नीलचा वागळे इस्टेटहून फोन, अप्पांच्या खोलीत माझं ऑफिसचं टेबल कुठे लावायचं. बुधवार, मिक्सर चालू. आवाज गेला नाही. गुरुवार, सहा. शेजारच्या मंदाकिनीताई आल्या. अप्पा आता माणसात नाहीत, हे त्यांना सांगितलं."

वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला. पुढची नोंद त्याने मनातच वाचली.

"आणि परत कधी येतो, मॅडम?"

"आपोआप येतो. मंदाकिनीताई गेल्या की... फोन ठेवला की..."

ती थांबली. कारण आवाज पुन्हा गेला होता.

कोणी हललं नव्हतं. नवा रिमोट बॉक्सवर पालथा पडला होता. अप्पांचे डोळे छताकडे होते, तीन महिने होते तसेच. चादरीबाहेर जुन्या रिमोटचं टोक दिसत होतं. त्याच्यावर अप्पांचा अंगठा होता.

"सेल मी स्वतः काढलेले," ऋजुता पुटपुटली.

साईनाथ पलंगाजवळ गेला आणि वाकला. या घरात अप्पांशी बोलायला माणसं वाकत नसत. "आजोबा, ऐकताय ना? आवाज आणा बघू."

पंखा फिरत राहिला. पडद्यावर सून मुकाट रडत होती. अंगठा थरथरला, घसरला, पुन्हा वर चढला.

सुनेचा हुंदका खोलीभर झाला.

हौसाबाईने हातातल्या धोतराची घडी पुरी केली. "सेल मी टाकलं, ताई. बीपीच्या मशीनमधलं. त्यांना सगलं कलतं, मी दोनदा सांगलेलं तुम्हाला."

ऋजुताने वही मिटली. पण चौथा रकाना तिला पाठ होता. आणि जे रकान्यात लिहिलं नव्हतं, तेही. तिने पहिल्यांदाच अप्पांच्या डोळ्यांत पाहिलं. ते छतावरून खाली आले होते आणि तिच्यावर येऊन थांबले होते.

आवाज पुन्हा गेला. ती आता काय बोलते, ते अप्पांना ऐकायचं होतं.