निळ्या विमानाचं तोंड

भिंगातून पाहता पाहता त्याला ती खोट दिसली आणि त्याच्या जिवाला कित्येक वर्षांनी थंडावा मिळाला. प्रदर्शनाच्या टेबलावर मांडलेल्या साडूच्या वीतभर निळ्या विमानाचं तोंड चक्क खाली होतं. जेट इंजिन जिथून हवा ओढतं ते भोक थेट पोटाखाली, खालच्या रंगवलेल्या पाण्यापासून जेमतेम बोटभर वर. हे विमान पाण्यावरून धावायला लागलं की हवेऐवजी घटाघटा पाणी पिणार आणि दोन गचके देऊन बंद पडणार. वर पंखावर पेरभर उंचीचा चालक उभा, टोपी उंचावून आभाळाकडे बघत. मिजास बघा! इंजिनाचा पत्ता नाही आणि हा आपला सलाम घेतोय.

‘सापडलास बेट्या,’ तो पुटपुटला आणि भिंग खिशात टाकलं.

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. अख्ख्या गावाच्या तोंडात त्याची कारागिरी बसली होती, पण तोंड उघडून कौतुक करणारा एक नव्हता. कवळ्यांचंच गुलाबी अ‍ॅक्रिलिक कोरून, घासून तो छोटी विमानं घडवायचा आणि वर लाल रंग द्यायचा. त्याचा साडू दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छंदी मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात दोघंही एकाच टेबलावर असत. त्या टेबलाचं नाव ‘घडलं असतं तर’. पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या शर्यती खऱ्या जगात जेट यायच्या आधीच बंद पडल्या. या टेबलावर त्या बंद पडल्या नव्हत्या. जेट इंजिनं आल्यावर उलट जास्तच चेकाळल्या होत्या.

टेबलाचा एक खाक्या होता. नुसतं विमान मांडून भागायचं नाही. बनवणाऱ्यानं उभं राहून त्याचा न घडलेला इतिहास तोंडी सांगायचा, आणि गुण दोन्हीला मिळायचे. वयानं मोठा म्हणून कवळीवाल्याची पाळी आधी, साडूची त्याच्यामागून. कवळीवाला वजन सांगे, वेग सांगे, आपलं विमान पहिलं आलं म्हणून सांगे आणि खाली बसे. त्याच्या शर्यतीत दुसरं विमानच नसायचं. मग साडू उठला की हा तडक बाहेर कोपऱ्यावर चहाला जायचा. साडूला पडणाऱ्या टाळ्या त्याला ऐकवत नसत. परत येईपर्यंत पहिल्या बक्षिसाचा कप साडूच्या हातात गेलेला असायचा.

‘रंगाला भुलतात लेकाचे,’ तो घरी येताना बायकोला सांगायचा. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. त्यातून हा मनुष्य दरसाल घरी येणार, लाल विमानाभोवती घुटमळणार आणि गोड आवाजात विचारणार, ‘साडूभाऊ, यंदा कुठल्या शर्यतीत उतरवताय?’ डोळा होता मेल्याचा, दुसरं काय! शेवटी त्यानं बायकोला बजावलं, त्याचं नाव या घरात काढायचं नाही. नवऱ्याचं नाव वगळून सख्ख्या बहिणीबद्दल बोलायचं म्हणजे तारेवरची कसरत, पण ती बिचारी करत होती.

यंदा मात्र वचपा काढायचा होता. चारचौघांत, परीक्षक बाईंच्या समोर. एकदा का ते नाक कापलं गेलं, की कप कुठं जातो ते बघूच.

त्यानं आपलं सांगून टाकलं. लाल विमान आखाताच्या शर्यतीत पहिलं आलं. बस्स. मग तो बायकोशेजारी येऊन बसला.

‘आज चहाला नाही जायचं?’ तिनं चमकून विचारलं.

‘आज नाही.’

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात साडू उठून घसा खाकरू लागला होता. कवळीवालाही उठला.

‘गोष्ट राहू द्या बाजूला,’ तो मोठ्यानं म्हणाला. ‘इंजिनाचं तोंड पोटाखाली कुणी ठेवतं का? पाणी उडालं की सगळं आत! हे विमान काय शर्यत जिंकणार, कप्पाळ?’

साडूचा चेहरा पडेल म्हणून तो डोळे लावून उभा होता. तो चेहरा उजळला.

‘दिसलं तुम्हाला!’ साडू म्हणाला. ‘अहो, जिंकत नाहीच ते. शर्यतीच्या मध्यावर पाण्याला टेकून पुन्हा उठायचं असतं ना, तिथंच पाणी पितं आणि बंद पडतं. मग माझा चालक पंखावर येऊन उभा राहतो. डोक्यावरून लाल विमान निघून जातं, आणि हा टोपी काढून त्याच्याकडे बघत हलवतो.’

‘लाल?’

‘तुमचं हो. त्याचं तोंड पंखांच्या वर आहे, त्याला पाण्याची काय भीती?’

‘म्हणजे खोट तुम्ही मुद्दाम...’

‘मग? हरायला काहीतरी कारण नको? गेल्या खेपेला टाकी लहान ठेवली होती. त्याच्या आधी एक पंख आखूड.’

कवळीवाल्यानं हॉलभर नजर फिरवली. कुणालाच नवल वाटलेलं नव्हतं. ओळखीचं गाणं ऐकावं तशी मंडळी माना डोलावत होती. परीक्षक बाई तर हसत होत्या. तो खाली बसला. भिंग खिशात टोचत होतं.

‘तुला ठाऊक होतं हे?’ त्यानं बायकोला विचारलं.

‘सगळ्या हॉलला ठाऊक आहे. दर वर्षी तुमचंच विमान जिंकतं,’ ती म्हणाली. ‘तुम्ही तेवढे चहाला गेलेले असता.’