सपाट पाणी

नॉर्वेच्या नौदलाचं पाण्यावरून उडणारं विमान आरशासारख्या सपाट खाडीत तिसऱ्यांदा धावलं, पण उठेना. आत गावातल्या बेरितची लेक पोट धरून विव्हळत होती आणि इस्पितळ डोंगरापलीकडे होतं.

“हे गुळगुळीत पाणी विमानाच्या बुडाला चिकटलंय, सोडत नाहीये! लाटा करा, लाटा!” वैमानिक ओरडला.

गावच्या होड्या सुटल्या. लाटेनं नवरा गिळल्यापासून समुद्राकडे पाठ फिरवलेली बेरित सगळ्यांच्या पुढे वल्हवत होती.

“अगं, होडी उलटेल!” शेजारचा ओलुफ म्हणाला.

“उलटू दे! तू वल्हं मार!”

पाणी हिंदकळलं. विमानाचं एवढं मोठं धूड लाटांवर आपटत सुटलं आणि पाणी गाळत डोंगराच्या वर चढलं. पुरुषांच्या टोप्या आपोआप हातात आल्या.

बेरितनं पाण्यावर तळहात टेकला. “जा,” ती लाटेला म्हणाली, “आपली फिट्टंफाट झाली.”