कानातला बिल्ला

"गाय फुगलीय बाई. तुझी धाकटी जाऊ डॉक्टरांना आणायला पळाली, आणि तुझा नवरा दुसरीला घेऊन ओढ्याकडे गेलाय. ती तरी पोटभर चरू दे म्हणाला," शेजारणीने कुंपणावरूनच सांगितलं.

थोरलीने पिशवी ओट्यावर ठेवली. लेकीच्या बाळंतपणाहून ती दोन महिन्यांनी घरी येत होती. आल्या आल्या कानावर पडलं ते धाकटीचंच नाव.

"आणि तू अशी न कळवता कशी आलीस?"

"माझ्याच घरी यायला कुणाला कळवायचं?"

शेजारीण हसली. "विमा आहे ते बरंय म्हणा. तुझ्या जावेने माझ्या शेळीलासुद्धा बिल्ला घातला. शेळीच्या कानात डूल आलं, माझे कान अजून ओकेबोकेच."

थोरली हसली नाही.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला धार काढता येत नव्हती. गाईने लाथ मारली की रडत बसायची. तिच्या हाताला वळण थोरलीने लावलं. आणि आता तीच धाकटी विमेवाली झाली होती. दारोदार जाऊन सांगायची, वर्षाचा हप्ता म्हणजे आठवड्याचं दूध. जनावर दगावलं तर दुसरं दावणीला येईल. सोबत डॉक्टर असायचे. ते जनावराच्या कानात पिवळा बिल्ला ठोकायचे आणि प्रत्येक दारात तेच बजावायचे, "बिल्ला सांभाळा. बिल्ला नाही तर विमा नाही."

लोक आधी हसले. मग एका विधवेची म्हैस वीज पडून गेली आणि तिच्या दारात नवी म्हैस उभी राहिली. त्यानंतर ओट्यावर रीघ लागली. "वहिनी आहेत का?" अशी हाक आली की थोरली हात पुसत बाहेर यायची. माणसं चुळबुळ करत म्हणायची, "तुम्ही नाही, त्या."

तुम्ही नाही, त्या. हे शब्द लेकीच्या घरी झोळी हलवतानाही तिच्या डोक्यात वाजत राहिले होते.

खरं तर धाकटीने पहिल्यांदा तिलाच विचारलं होतं. "वहिनी, आपल्या घरापासूनच सुरुवात करू या. तुमच्या गाईचा आधी."

"माझी गाय मरायची वाट बघतेस का?" थोरली म्हणाली होती. धाकटीने पुन्हा तो विषय काढला नाही.

सासूने जाताना दोघी सुनांना एकेक कालवड दिली होती. एकाच गाईच्या, दोन्ही काळ्याभोर. घर आणि शेत पुरुषांच्या नावावर. थोरलीची म्हणावी अशी तेवढी ती गायच. लेकीने परवाच तिच्या साडीला हात लावून विचारलं होतं, "आई, पदराला ही भोकं कसली?" थोरली कौतुकाने म्हणाली होती, "आमच्या बाईसाहेब चघळतात. जवळ गेलं की आधी पदर."

पूर्वी ती दोन्ही गाईंना नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखायची. धाकटीच्या गाईला बिल्ला लागल्यापासून मात्र तिची नजर आधी कानावर जायची. बिल्ल्याची ती तिची, बिनबिल्ल्याची ती आपली.

ती गोठ्याच्या दारात आली. उन्हातून आल्यामुळे आत काळोखच वाटला. दाराजवळच्या, धाकटीच्या खुंट्याला गाय भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोट ढोलासारखं तट्ट. कानात पिवळा ठिपका.

थोरली तिथेच उभी राहिली. ही गाय गेली तर लोक धाकटीच्या दारी येतील. पैसे येतील, नवी गाय येईल, बिल्ला कसा उपयोगी पडतो ते धाकटी साऱ्या गावाला दाखवत फिरेल. माझी मेली तर माती, तिची मेली तर वरात.

झाडं छाटायची कात्री खिळ्याला लटकत होती.

गाईने कान हलवलासुद्धा नाही. बिल्ल्याचा दांडा कट्‌कन तुटला. थोरली उठायला गेली तसा तिचा पदर खाली कशाततरी अडकला. तिने हिसका देऊन सोडवला. टोक ओलं लागलं. शेणात माखला असेल, असं पुटपुटत ती मागच्या दारी गेली. पाणी तापवायच्या चुलीत निखारे होते. बिल्ला आधी वाकला, मग पिवळा थेंब होऊन विझला.

गाय थोड्याच वेळात गेली. थोरली परत येऊन गोठ्याच्या दारात बसून होती. आतून एकदा हंबरल्यासारखं झालं, तेव्हा तिने तोंड फिरवलं.

धाकटी धापा टाकत आली, मागून पिशवी सावरत डॉक्टर. थोरलीला बघून ती थबकली. मग आत डोकावली आणि मटकन खाली बसली.

"उशीर झाला गं," थोरली पदर डोळ्यांना लावत म्हणाली. तिला खरंच रडू आलं. "सासूबाईंच्या हातची गाय."

धाकटीने तिचे दोन्ही हात धरले. "सकाळपासून रवंथ नव्हता. वारं लागावं म्हणून इकडे दाराशी आणून बांधली. तेल पाजलं, पोट चोळलं. माझ्याकडून होईल ते सगळं केलं हो मी."

"रडू नकोस. नशिबात असतं ते होतं."

"वास कसला येतोय? काही जळलं का?" डॉक्टरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते गाईजवळ बसले.

अंगणात घुंगरू वाजलं. थोरलीचा नवरा ओढ्यावरून परतला होता. त्याच्या पुढे काळीभोर गाय आपल्या सवयीने दाराजवळच्या खुंट्याकडे निघाली होती, आणि तिच्या कानात पिवळा बिल्ला हलत होता.

डॉक्टर मेलेल्या गाईचा कान उलटसुलट करून बघत होते.

"रागावू नका, वहिनी," धाकटी हळूच म्हणाली. "तुम्ही लेकीकडे गेल्यावर भाऊजींना विचारून मी तुमच्याही गाईचा विमा उतरवला."