कोपऱ्यातला डाग

"बोलणं पुरे, मियाँ. आता पाणी ओता," गुणवंतराव म्हणाले.

हाफिज मधेच थांबला. चांद्याच्या औद्योगिक प्रदर्शनात सकाळपासून त्याचाच आवाज सगळ्यांच्या वर होता. शेजारच्या मांडवात नागपूरच्या व्यापाऱ्यानं ग्रामोफोन लावला होता, तरी माणसं थांबत ती हाफिजच्या पेट्यांपुढं. हिरव्या रंगाच्या पत्र्यावर थापा मारत तो सांगत होता, "उधळी-वाळवी लागत नाई, उंदीर शिरत नाई, पाण्याचा एक थेंब आत जात नाई!" त्याची बायको रहमतबी मागं बसून कड्या पुसत होती.

गुणवंतराव आलापल्लीकडचे जंगलाचे ठेकेदार. "मागच्या साली कुनैनच्या गोळ्या भिजून लगदा झाल्या," ते म्हणाले. "मजूर तापानं फणफणत पडले अन् माह्यापाशी द्यायले गोळी नाई. पावसाळ्याच्या आत चाळीस पेट्या पाहिजे. पण पाहून घेईन."

चाळीस! हाफिजच्या कारखान्यात, म्हणजे घरामागच्या छपरीत, एकदम दहा पेट्यांचंही गिऱ्हाईक कधी आलं नव्हतं.

त्यानं हाताशी आली ती पेटी पुढं ओढली, आणि रहमतबीची नजर तिच्या कोपऱ्यावर गेली. पत्र्याच्या सांध्यांवर कथील वितळवून डाग, म्हणजे झाळ, दोघंही देत. कोणता डाग कोणाचा, ते तिला लांबूनही कळे. तिचा बारीक आणि सरळ. त्याचा गेल्या वर्षभरात जाड, वाकडा होत चालला होता. चहाचा कप उचलताना त्याचा हात आधी बशीला लागायचा. तिनं ते पाहिलं होतं, बोलली कधी नव्हती.

"ही राहू द्या, ती मागची घ्या," ती हळूच म्हणाली.

"सगळ्या सारख्याच हायेत," म्हणत हाफिजनं बादली ओतली.

गुणवंतरावांनी कडी काढली, आत हात फिरवला आणि बोटं वर करून दाखवली. ओली होती. शेजारच्या मांडवातून कोणीतरी खो खो हसलं. हाफिज खाली बसला. त्यानं स्वतःचं बोट कोपऱ्यात घातलं, डागावरून दोनदा फिरवलं. जे डोळ्यांना दिसलं नव्हतं ते बोटाला लागलं. त्याचा चेहरा उतरला.

रहमतबी पदर सावरत पुढं आली. "तो कोपरा माह्या हातचा हाये, साहेब. त्या दिवशी घाई झाली. यांचं काम असं नसते."

"मग बाईले काऊन देता असं काम?" गुणवंतरावांनी झाकण लावलं आणि ते वळले.

गिऱ्हाईक गेलं तर गेलं, तिच्या मनात आलं. यांचं नाव तरी राहिलं.

"थांबा, भाऊ." हाफिजचा आवाज इतका खाली आला होता की लोकांना वाकून ऐकावं लागलं. "ही खोटं बोलून राह्यली. हा डाग माह्या हातचा. डोळ्यात मोतीबिंदू उतरून राह्यला. वरीस झालं. कोणाले सांगतलं नाई. हिलेबी नाई."

"मले माहीत होतं," रहमतबी म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग ठेकेदाराला म्हणाला, "हिच्या हातच्या पेटीवर ओता."

रहमतबीनं मागची पेटी ओढून आणली. गुणवंतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा आत टाकला, कडी लावली आणि बादली स्वतःच्या हातानं रिकामी केली. मग दुसरी. पेटी उलटी करून तिसरीही ओतली. कडी काढून त्यांनी दुपट्टा बाहेर काढला, झटकला आणि त्यानंच कपाळावरचा घाम पुसला.

"कोरडा ठाक!" मग ते हाफिजकडं वळले. "चाळीस पेट्या घेतो. पण एक सांगतो, राग मानू नका. डाग बाईच्या हातचाच पाहिजे. दुसऱ्याचा चालणार नाई."

हाफिजकडं पाहायचा रहमतबीला धीर होईना. पाहिलं तेव्हा तो हसत होता.

"मंजूर," तो म्हणाला. "पत्रा मी ठोकत जाईन. ठोक्याले डोळे कायले पाहिजे? कान पुरतात."

एव्हाना पाण्याचा खेळ पाहायला भोवती चांगलीच गर्दी जमली होती. मूल गावाकडचा एक दुकानदार पेटीवर टिचकी मारत हाफिजला विचारू लागला, "टिकते किती दिवस?"

हाफिजनं उत्तरासाठी तोंड उघडलं, मिटलं आणि तो बाजूला सरकला. "बाईले विचारा. पेटी तिनं केली."

सगळ्या माना रहमतबीकडं वळल्या. तिचा हात आपोआप झाकणावर गेला आणि गार पत्र्याचा स्पर्श झाला तसे शब्द आले.

"सालातून एक डाव कडीले तेल द्या. पोरीच्या लग्नात घ्याल, तर तिच्या पोरीच्या लग्नातबी कामी येईल."

लोक हसले, जवळ सरकले. हाफिजनं रिकामी बादली उचलली आणि तो विहिरीकडं निघाला. गर्दीतून वाट काढताना त्याचा आवाज पुन्हा ग्रामोफोनच्या वर गेला होता.

"सरका भाऊ, सरका. पाणी आणून राह्यलो."